लैंगिक शिक्षण: कायदा मुलांपर्यंत पोहोचला, धडा मात्र अजून वाटेवर

म्हैसूर - अठरा वर्षांखालील व्यक्तीशी ठेवलेला शरीरसंबंध, तो दोघांच्या इच्छेने असला तरी, भारतात २०१२ पासून गुन्हा मानला जातो. नववी-दहावीत शिकणाऱ्या मुलालाही हा कायदा लागू आहे. परंतु तो काय आहे आणि कशासाठी आहे, हे त्याला शाळेत सांगितले जाईलच, याची शाश्वती नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिलेल्या एका निकालात नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले. किमान नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना या कायद्याची व त्याच्या परिणामांची माहिती मिळावी, त्यासाठी समिती नेमून शैक्षणिक साहित्य तयार करावे, असे निर्देश न्यायालयाने राज्याच्या शिक्षण विभागाला दिले.

या निर्देशामुळे एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला: शाळांनी मुलांना लैंगिक शिक्षण द्यावे की नाही? हा प्रश्न कर्नाटकाप्रमाणेच महाराष्ट्रातही अनेकदा गाजलेला आहे. तो समजून घेण्यासाठी म्हैसूर शहराचा अनुभव उपयोगी ठरतो. शासनाने या विषयात पाऊल टाकण्याचे धाडस या शहरात नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी केले होते. दक्षिण भारतातील शिक्षकांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे. एचआयव्हीच्या साथीत लोकांशी या विषयावर कसे बोलावे, याचा एक महत्त्वाचा प्रयोगही येथेच झाला.

संस्थानी सरकारचा निर्णय

१९३० साली म्हैसूर संस्थानच्या सरकारने आपल्या सरकारी रुग्णालयांमध्ये संततिनियमन केंद्रे सुरू केली. शासनाने स्वतः चालवलेल्या जगातील पहिल्या अशा केंद्रांमध्ये त्यांची गणना केली जाते. त्या वेळी नाल्वडी कृष्णराज वडियार हे महाराज होते आणि सर मिर्झा इस्माईल दिवाण होते. केंद्रे विवाहित स्त्रियांसाठी होती. त्यांचा हेतू माता-बालकांचे आरोग्य आणि लोकसंख्येचा विचार हा होता. तरुणांच्या शिक्षणाशी त्यांचा थेट संबंध नव्हता. तरीही जो विषय घरातही दबक्या आवाजात बोलला जाई, तो रुग्णालयाच्या दालनात शासकीय आदेशाने आला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

त्याच काळात मुंबई इलाख्यात चित्र वेगळे होते. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत स्वतःच्या हिमतीवर संततिनियमनाचे केंद्र उघडले. १९२७ पासून १९५३ साली निधन होईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. लैंगिक आरोग्याविषयी वाचकांनी विचारलेल्या शंकांना ते त्यातून उघड उत्तरे देत. या कामाची किंमत म्हणून त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली न्यायालयात उभे राहावे लागले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. खटल्याचा निकाल कर्वे यांच्या विरोधात गेला आणि त्यांना दंड झाला.

म्हणजे एका प्रदेशात शासनाने या विषयाला अधिकृत जागा दिली, तर शेजारच्या प्रदेशात तो बोलणाऱ्यावर खटला चालला. पुढच्या काळात ही दोन्ही राज्ये एकाच भूमिकेवर येऊन पोहोचली. ती भूमिका शाळेतून हा विषय बाहेर ठेवण्याची होती.

२००७ साली काय घडले?

केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी २००५ साली किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम देशभर नेण्याचे ठरवले. नववी आणि अकरावीच्या विद्यार्थ्यांना वर्षभरात सोळा तास शिकवणे अपेक्षित होते. वयात येताना होणारे बदल, एचआयव्ही-एड्सपासून बचाव, आणि समवयस्कांचा दबाव आल्यास नकार कसा द्यावा यांसारखी जीवनकौशल्ये हे त्याचे मुख्य विषय होते. त्या वेळी एचआयव्हीचा प्रादुर्भाव अधिक असलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये होती. तमिळनाडू, आंध्र प्रदेश, मणिपूर आणि नागालँड ही उर्वरित चार. त्यामुळे या दोन राज्यांना कार्यक्रमाची गरज अधिक होती, असे केंद्राचे म्हणणे होते.

शिक्षकांना दिलेले साहित्य हाती पडताच विरोध सुरू झाला. शरीररचना दाखवणारी चित्रे आणि काही कृतिपत्रिका वर्गात वापरण्याजोग्या नाहीत, अशी तक्रार शिक्षकांनी केली. लोकप्रतिनिधींनी ती विधिमंडळात मांडली. २००७ सालच्या पहिल्या काही महिन्यांतच महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान आणि केरळ या राज्यांनी कार्यक्रम नाकारला किंवा स्थगित केला.

हा विरोध कोणत्याही एका पक्षाचा नव्हता. महाराष्ट्रात काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे सरकार होते. कर्नाटकात जनता दल (धर्मनिरपेक्ष) आणि भारतीय जनता पक्ष यांचे संयुक्त सरकार होते व एच. डी. कुमारस्वामी मुख्यमंत्री होते. मध्य प्रदेश, गुजरात आणि राजस्थानात भारतीय जनता पक्ष सत्तेवर होता, तर केरळात डावी आघाडी. एरवी एकमेकांशी न पटणारे हे पक्ष या एका मुद्द्यावर एकाच बाजूला उभे राहिले.

पुढे राज्यसभेच्या याचिका समितीने या विषयाची छाननी केली. एम. व्यंकय्या नायडू हे समितीचे अध्यक्ष होते. २००९ साली सादर झालेल्या अहवालात शाळांतून लैंगिक शिक्षण देऊ नये, अशी शिफारस करण्यात आली. एचआयव्हीसारख्या विषयांची माहिती जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात आणि तीही बारावीच्या टप्प्याआधी नको, असे समितीचे मत होते.

कार्यक्रम पूर्णतः बंद झाला नाही. साहित्यात फेरबदल करून तो केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या काही शाळांत पुढे चालू राहिला. राज्य मंडळाच्या शाळांत, म्हणजे बहुसंख्य मुले जेथे शिकतात तेथे, मात्र त्याची गती खुंटली.

त्याच वर्षीचा दुसरा अहवाल

राज्ये कार्यक्रम नाकारत असतानाच, एप्रिल २००७ मध्ये, केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचारांविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह तेरा राज्यांतील पाच ते अठरा वयोगटातील १२,४४७ मुला-मुलींशी बोलून तो तयार करण्यात आला होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी एक किंवा अधिक प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्म्या व्यक्ती मुलांच्या परिचयातील किंवा विश्वासातील होत्या. बहुतेक मुलांनी झालेला प्रकार कोणालाही सांगितला नव्हता.

या दोन घटना एकाच वेळी घडल्या, परंतु त्या एकत्र वाचल्या गेल्या नाहीत. शाळेत हा विषय आला तर मुलांचे निरागसपण हरपेल, अशी चिंता एका बाजूला व्यक्त होत होती. ते निरागसपण घरात आणि शेजारात किती असुरक्षित आहे, याची आकडेवारी दुसऱ्या बाजूला शासनानेच मांडली होती. ज्या मुलाकडे घडलेल्या गोष्टीसाठी शब्दच नाहीत, ते मूल तक्रार करू शकत नाही, ही बालहक्क कार्यकर्त्यांची भूमिका या अहवालामुळे अधिक ठळक झाली.

विरोधकांचे आक्षेप

लैंगिक शिक्षणाला विरोध करणाऱ्यांचे सर्व आक्षेप एकाच प्रकारचे नाहीत. ते वेगवेगळे तपासणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की, माहिती दिल्याने कुतूहल वाढते आणि मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळतात. या दाव्याची तपासणी जगभरात झालेली आहे. युनेस्कोने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या आणि २०१८ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूत्रांत अनेक देशांतील अभ्यासांचा आढावा घेण्यात आला आहे. शाळेत दिलेल्या लैंगिक शिक्षणामुळे मुलांचे लैंगिक वर्तन किंवा जोखीम वाढत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. उलट काही ठिकाणी पहिल्या संबंधाचे वय पुढे गेल्याचे आढळले. केवळ संयमाचा उपदेश करणाऱ्या कार्यक्रमांचा मात्र तसा परिणाम दिसून आला नाही.

दुसरा आक्षेप असा की, हे काम शाळेचे नसून आई-वडिलांचे आहे. तत्त्वतः हा मुद्दा चुकीचा म्हणता येत नाही. अडचण अशी की, ज्या घरांत हा संवाद होत नाही, त्या घरांतील मुलांनी काय करावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. अत्याचार करणारी व्यक्ती घरातीलच असेल, तर घर हे शिक्षणाचे एकमेव ठिकाण राहू शकत नाही.

तिसरा आक्षेप साहित्यासंबंधीचा आहे. हे साहित्य परदेशी नमुन्यावर, घाईने आणि स्थानिक शिक्षकांना विश्वासात न घेता तयार झाले, असे म्हटले गेले. या आक्षेपात तथ्य आहे. ज्या शिक्षकाने आपल्या महाविद्यालयीन काळातही या विषयावर कोणाशी मोकळेपणाने चर्चा केलेली नाही, त्याच्या हाती चित्रांचा संच देऊन त्याला वर्गासमोर उभे करणे म्हणजे कार्यक्रमाचे अपयश आधीच ठरवण्यासारखे होते.

संस्कृती आणि शब्द

हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, हा आक्षेप सर्वाधिक वेळा ऐकू येतो. इतिहास पाहिला तर परंपरा या बाबतीत संपूर्ण मूक नव्हती, असे दिसते. जुन्या मराठी घरांत मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवून ओटी भरण्याची पद्धत होती. कर्नाटकातील अनेक समाजांत मुलगी वयात आल्यावर तिला ओवाळण्याचा समारंभ आजही होतो. म्हणजे शरीरातील या बदलाची वार्ता नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना जाहीरपणे दिली जात असे. समारंभ होता, परंतु स्पष्टीकरण नव्हते. शिवाय त्यामागे बालविवाहाची चौकट होती, हेही विसरता येत नाही.

ब्रह्मचर्याचे पुरस्कर्ते आणि कृत्रिम संततिनियमनाचे विरोधक असलेले महात्मा गांधी यांनीही १९३६ साली 'हरिजन'मध्ये लिहिताना मुला-मुलींना जननेंद्रियांचे कार्य आणि त्यांचा योग्य उपयोग शिकवावा, असे मत मांडले होते. त्यांचा हेतू संयम शिकवण्याचा होता. तरीही अज्ञान हे संयमाचे साधन आहे, असे त्यांनी मानले नाही.

खरी अडचण शब्दांची आहे. मासिक पाळीसाठी मराठीत 'कावळा शिवला', 'बाजूला बसली' यांसारखे आडवळणाचे शब्दप्रयोग आहेत. शरीराच्या काही अवयवांसाठी बोलीत शिव्यांचे शब्द आहेत. पाठ्यपुस्तकात 'स्त्रीबीज', 'शुक्राणू', 'निषेचन' असे संस्कृत शब्द आहेत. या तिन्हींच्या मधला, शिक्षकाला वर्गात आणि मुलाला आईजवळ सहज उच्चारता येईल असा शब्दसंग्रह फारसा घडलेला नाही. कन्नडची स्थिती याहून फार वेगळी नाही. म्हैसूरच्या वर्गात तर कन्नडखेरीज उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, तुळू बोलणाऱ्या घरांतली मुले एकत्र बसतात. विज्ञानाच्या पुस्तकातील प्रजननाचे प्रकरण ती पाठ करतात, आकृतीला नावे देतात आणि गुणही मिळवतात. नको असलेल्या स्पर्शाविषयी बोलण्यासाठी त्या प्रकरणाचा उपयोग होत नाही.

कायद्यापुढे उभे असलेले मूल

२००७ सालच्या आणि आजच्या परिस्थितीत सर्वांत मोठा फरक कायद्याने घडवला आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा, 'पोक्सो' या नावाने ओळखला जाणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आणि बालकाची संमती कायद्याच्या दृष्टीने निरर्थक ठरवली. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर लैंगिक संबंधाच्या गुन्ह्याला किमान दहा वर्षांची, आणि बालक सोळा वर्षांखालील असल्यास किमान वीस वर्षांची शिक्षा आहे. आरोपी स्वतः अल्पवयीन असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. परंतु सोळा ते अठरा वयोगटातील आरोपीवर गंभीर गुन्ह्यात प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे.

लहान मुलांना अत्याचारापासून वाचवणे, हा या कायद्याचा हेतू आहे आणि त्याची गरज निर्विवाद आहे. प्रत्यक्षात त्याच्या कक्षेत प्रेमसंबंधांतील किशोरवयीन मुलेही मोठ्या संख्येने आली. बंगळूरच्या 'एन्फोल्ड' या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगाल या तीन राज्यांतील विशेष न्यायालयांच्या २०१६ ते २०२० या काळातील ७,०६४ निकालांचा अभ्यास केला. त्यांपैकी १,७१५ प्रकरणे, म्हणजे २४.३ टक्के, प्रेमसंबंधांची असल्याचे आढळले. मुलगी घर सोडून गेल्यावर किंवा ती गर्भवती असल्याचे समजल्यावर पालक पोलिसांकडे जातात, असा सर्वसाधारण क्रम असतो.

धारवाड खंडपीठापुढचे प्रकरणही याच स्वरूपाचे होते. १७ वर्षांची एक मुलगी २०१७ साली एका तरुणाबरोबर निघून गेली. पालकांच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवला गेला. खटला चालू असताना दोघांचा विवाह झाला आणि त्यांना अपत्येही झाली. कनिष्ठ न्यायालयाने तरुणाला निर्दोष सोडले आणि उच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्याच वेळी सोळा वर्षांवरील मुलींच्या अशा प्रकरणांचा विचार करून संमतिवयाचा फेरविचार करावा, अशी सूचना न्यायालयाने विधी आयोगाला केली. आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतिवय अठराच ठेवावे, मात्र सोळा ते अठरा वयोगटातील सहमतीच्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायालयांना मर्यादित विवेकाधिकार द्यावा, अशी शिफारस केली.

संमतिवय किती असावे, यावर मतभेद राहतील. परंतु वय कोणतेही ठरले, तरी ते ज्यांना लागू आहे त्यांना ते माहीत असले पाहिजे, यावर मतभेदाला फारशी जागा नाही. २०२० च्या पोक्सो नियमांनीही केंद्र आणि राज्य शासनांवर मुलांसाठी वयानुरूप शैक्षणिक साहित्य आणि अभ्यासक्रम तयार करण्याची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे शिक्षण द्यावे की नाही, हा प्रश्न नियमांच्या पातळीवर तरी निकाली निघाला आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही या दिशेने वारंवार मत नोंदवले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या अधिकाराविषयीच्या निकालात किशोरवयीनांना लैंगिक आरोग्याची पुरेशी माहिती मिळत नसल्याची दखल घेण्यात आली. अल्पवयीन मुलीच्या विनंतीवरून डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असेही त्याच निकालाने स्पष्ट केले. सप्टेंबर २०२४ मध्ये बालकांच्या अश्लील चित्रफितींविषयीच्या प्रकरणात न्यायालयाने सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा पुरस्कार केला आणि हे शिक्षण पाश्चात्त्य असल्याच्या समजुतीचा प्रतिवाद केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये, उत्तर प्रदेशातील एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात, हे शिक्षण नववीपासून न देता त्याहून लहान वयापासून द्यावे, असे मत व्यक्त करण्यात आले.

कर्नाटक शासनानेही २०२५ साली आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना लैंगिक शिक्षण देण्याची भूमिका जाहीर केली. ज्या राज्याने २००७ साली हा कार्यक्रम नाकारला होता, त्याच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे.

शिक्षक कोण?

धोरण बदलले तरी वर्गात बोलणार कोण, हा प्रश्न शिल्लक राहतो. म्हैसूर येथे १९६३ साली स्थापन झालेली प्रादेशिक शिक्षण संस्था दक्षिणेकडील राज्यांसाठी शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करते. ती एनसीईआरटीच्या अखत्यारीत येते. अशा संस्थांत तयार झालेले प्रशिक्षक जिल्ह्यांत जातात, जिल्ह्यांतून तालुक्यांत आणि तेथून शाळांत. या साखळीच्या प्रत्येक कडीवर काही तरी गळते. गणितात ती गळती उत्तरपत्रिकेतून कळते. या विषयात ती कळतच नाही, कारण परीक्षा नसते आणि तासाला दुसरा विषय शिकवला तरी कोणी विचारत नाही.

आयुष्मान भारत योजनेखालील शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष, आरोग्यदूत म्हणून नेमण्याची तरतूद आहे. त्यांनी आठवड्यातून एक तास घ्यावा, असे २०२० च्या सूचनांत म्हटले आहे. अकरा विषयांपैकी प्रजनन आरोग्य व एचआयव्ही प्रतिबंध हा एक विषय आहे. स्त्री-पुरुष समानता, हिंसेपासून सुरक्षितता आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर हेही त्यात आहेत. 'लैंगिक शिक्षण' हा शब्द टाळून विषय मात्र ठेवण्याची ही वाट आहे. नाव बदलल्याने विरोध कमी होतो, हा तिचा फायदा. अवघड वाटणारा एक विषय गाळून उरलेले दहा शिकवता येतात, हा तिचा तोटा.

शिक्षकाची आणखी एक अडचण कायद्यातूनच येते. पोक्सो कायद्यानुसार गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. न कळवल्यास शिक्षा होऊ शकते. वर्गात विश्वासाचे वातावरण निर्माण झाले आणि एखाद्या मुलीने तासानंतर शिक्षिकेजवळ आपल्या मित्राविषयी काही सांगितले, तर शिक्षिका ते गुपित ठेवू शकत नाही. म्हणून अनेक शिक्षक असे संभाषण सुरूच होऊ देत नाहीत. शिक्षण द्या असे सांगणारी व्यवस्था आणि ऐकलेले कळवा असे सांगणारा कायदा यांच्यामध्ये शिक्षक उभा आहे. प्रशिक्षणात याचे स्पष्ट उत्तर असल्याशिवाय वर्गातील मोकळीक कागदावरच राहील.

साधनांच्या बाबतीतही हाच अनुभव आहे. शाळकरी मुलींना मोफत सॅनिटरी पॅड देणारी कर्नाटकची 'शुचि' योजना २०१३-१४ मध्ये सुरू झाली, मध्यंतरी काही वर्षे बंद पडली आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली. ती आवश्यकच आहे. परंतु पॅडचे पाकीट हाती देणे सोपे असते आणि पाळी म्हणजे काय हे सांगणे कठीण असते. मुलग्यांना तर त्या दिवशी वर्गाबाहेर पाठवण्याचीच प्रथा अधिक आहे.

म्हैसूरचा दुसरा धडा

या संदर्भात म्हैसूरमधील एक प्रयोग विचारात घेण्याजोगा आहे. २००४ साली शहरातील देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या पाहणीत सुमारे २६ टक्के महिलांना एचआयव्हीची बाधा असल्याचे आढळले. त्यानंतर सुरू झालेल्या कामात बाहेरून तज्ज्ञ आणून व्याख्याने देण्यावर भर नव्हता. त्याच समूहातील महिलांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत इतरांशी बोलण्याचा मार्ग निवडण्यात आला. त्यातूनच 'अशोदया समिती' ही या महिलांची स्वतःची संघटना उभी राहिली. पुढच्या पाहणीत, २००६ साली, सिफिलिसचे प्रमाण निम्म्यावर आले होते आणि एचआयव्हीचे प्रमाण वाढलेले नव्हते.

शाळा आणि हे क्षेत्र यांची तुलना अर्थातच जपून करावी लागेल. शाळकरी मुलांच्या गरजा निराळ्या आहेत. तरीही पद्धतीचा एक भाग दोन्हीकडे लागू पडतो. ऐकणाऱ्याला ओळखीचा वाटणारा माणूस, त्याचे रोजचे शब्द आणि प्रश्न विचारला म्हणून अपमान होणार नाही याची खात्री, या गोष्टी असतील तर माहिती पोहोचते. चित्रांचा संच आणि परिपत्रक यांनी तेवढे साधत नाही.

पुढे काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) वीस ते चोवीस वयोगटातील ज्या स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला, त्यांचे प्रमाण कर्नाटकात २१.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के आहे. म्हणजे साधारण पाचांतील एका मुलीच्या बाबतीत लैंगिक जीवन अठराव्या वर्षाच्या आधी, कायदा मोडून आणि बहुधा घरच्यांच्याच निर्णयाने सुरू होते. पंधरा ते एकोणीस वयोगटातील ज्या मुली माता झाल्या होत्या किंवा गर्भवती होत्या, त्यांचे प्रमाण कर्नाटकात ५.४ टक्के आणि महाराष्ट्रात ७.६ टक्के होते. मुले अजून लहान आहेत, त्यांना हे कशाला, या प्रश्नाला ही आकडेवारी उत्तर देते.

तिसरी-चौथीच्या मुलाला शरीराच्या अवयवांची नावे आणि नकोशा स्पर्शाविषयी कोणाला सांगावे, एवढे पुरेसे आहे. सहावी-सातवीत वयात येण्याचे बदल, मुलग्यांना आणि मुलींना दोघांनाही, ते घडण्यापूर्वी कळावेत. नववीपासून कायदा, संमती, गर्भधारणा आणि रोगांपासून बचाव यांची माहिती हवी. वयानुरूप शिक्षण या शब्दाचा अर्थ साधारण इतकाच आहे. त्यासाठी नवे पुस्तक छापण्यापेक्षा शिक्षकांना पुरेसा वेळ देऊन तयार करणे, साहित्य आधी पालकांना दाखवणे, आणि मुलाने काही सांगितल्यास पुढे काय करायचे याची लेखी पद्धत शाळेत असणे अधिक महत्त्वाचे आहे. २००७ साली याच तीन गोष्टी राहून गेल्या होत्या.

संस्थानी म्हैसूरने १९३० साली विवाहित स्त्रियांसाठी रुग्णालयाचे दार उघडले, तेव्हा अविवाहित तरुणांसाठी शासनाजवळ काही नव्हते. आज त्यांच्यासाठी कायदा आहे, शिक्षा आहे, न्यायालयांचे निर्देश आहेत आणि शासनाची घोषणाही आहे. वेळापत्रकातील तो तास भरतो की नाही, आणि भरला तर त्यात कोण बोलते, यावर आता या शिक्षणाचे यश अवलंबून आहे.